तुला कुणी ‘खाली बस’ म्हटलं नाही

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आधी हेच सांगून टाकते. नाहीतर पुढं दोन गोड शब्द बोलले की तुला वाटायचं, म्हातारी पाघळली.

मी चौथी शिकलेली बाई. लिहायला बसले तर एका ओळीला अख्खी दुपार जाईल. म्हणून मी बोलतेय आणि माझी सून स्मिता फोनवर लिहून घेतेय. ती आत्ताच म्हणाली, “आई, गेलेल्या माणसाला असं बोलतात का?” म्हटलं, तू लिही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता तो. लहान माणूस चुकला तर मोठ्यांनी नाही बोलायचं तर कुणी?

तू मला ओळखत नाहीस. तू तिकडं अमेरिकेत गाणारा, मी इकडं सिंगापुरात चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडणारी. पण माझ्या सख्ख्या दिरानं माझ्या घरचं पाणी प्यायलं नसेल तेवढा तू माझ्या घरात गायलास. चाळीस वर्षं. तुझं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही. आमच्या घरात तुला नुसतं ‘तो’ म्हणतात.

म्हणून त्या सकाळी माझा मुलगा प्रशांत पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन फोन बघत बसला होता, आणि एकदम म्हणाला, “आई, तो गेला,” तेव्हा कोण ते विचारावं लागलं नाही.

मी विचारलं, “कसा?”

“शो करून बसमध्ये चढला. सीटवर टेकला आणि तिथंच गेला. महिनाभर छातीत दुखत होतं म्हणे. डॉक्टर नको म्हणत होता.” मग डोळे पुसून म्हणाला, “पण आई, आयुष्यात एक शो कॅन्सल केला नाही गं त्यानं.”

कुणाचा मुलगा पहिला आला म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्यानं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि हे बोलता बोलता त्याचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. चोळत होता. तीन आठवडे झाले होते त्या चोळण्याला.

“डॉक्टरकडे जा,” मी म्हटलं.

“गॅस आहे आई. जहाज गोदीतून बाहेर पडू दे, मग जातो.” प्रशांत जहाजांच्या दुरुस्तीवर साहेब आहे. एक जहाज बाहेर पडतं तेव्हा दुसरं आत आलेलं असतं.

त्या संध्याकाळी नातीनं, वाक्याला इथल्यासारखा ‘ला’ लावणाऱ्या ईशानं, मला तुझा शेवटचा शो दाखवला. मी तीनदा बघितला. बाह्या दुमडलेल्या, कॅसेटवरच्या जुन्या फोटोत होत्या तशाच. तोंड कोहळ्यासारखं पांढरं. एका हातानं माईकची काठी धरलेली. गाणारा धरतो तशी नाही रे. गर्दीच्या एमआरटी ट्रेनमध्ये म्हातारी माणसं खांब धरतात तशी, पडू नये म्हणून. आणि खाली हजारो माणसं शिट्ट्या मारतायत.

मी ईशाला विचारलं, “हे सगळे आंधळे आहेत काय?”

“आजी, दोज आर हिज फॅन्स ला. दे लव्ह हिम.”

“लव्ह करतात तर त्याला उभा कशाला ठेवलाय?”

मला तुझ्याकडून उत्तर पाहिजे होतं. ते आता मिळायचं नाही.

मीही तुझी फॅनच. कशी झाले ते सांगते.

आम्ही तेव्हा इथल्याच सेम्बावांगला एका फ्लॅटच्या एका खोलीत राहायचो. आमचे हे शिपयार्डात वेल्डर. यांच्या जोडीला रॉनी नावाचा फिलिपिनो पोरगा होता, यांच्याहून बराच लहान. त्यानं यांना तुझी कॅसेट दिली. वर तुझा फोटो. जीनची पँट, दुमडलेल्या बाह्या, ट्रकला टेकून उभा, नखं काळी. मी यांना विचारलं, “हा तुमच्या यार्डात नवीन लागला का?”

हे इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या यार्डाला सांगितलं. तेव्हापासून रॉनी मला बघितलं की ओरडतो, “आंटी! युअर न्यू वेल्डर, व्हेरी गुड वेल्डर!” आता तो आजोबा झाला, इथंच लग्न करून राहिला, तरी तेच ओरडतो.

मी जहाजावरच्या आपल्या मराठी पोरांचे डबे करायची. रोज सकाळी साठ पोळ्या. कॅसेट लावायची आणि लाटायला घ्यायची. तुझ्या ढोलाच्या ठोक्यावर लाटणं बरं चालायचं. माझं पहिलं बाळ सेम्बावांगला गेलं, पोटातच. तिसऱ्या दिवशी मी पोळ्यांना उभी राहिले, कारण डबे थांबत नव्हते. तेव्हा तू गात होतास. काय गात होतास एक अक्षर कळत नव्हतं. पण कुणीतरी माझ्याइतकंच दमलंय आणि माझ्यासारखंच उभं आहे, एवढं कळत होतं. त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं. तूच होतास. ते उपकार मी नाकारत नाही. मेल्या, म्हणणार होते, जीभ चावली.

रात्री जेवताना हे मला तुझी गाणी मराठीत सांगायचे. गिरणी बंद पडलेल्या गावाचं एक. जुन्या मोटारीचं एक, जी मागं जातच नाही. आणि एका बापाचं, ज्याच्या हाताचं काळं ऑइल निघत नाही म्हणून तो पांढऱ्या फ्रॉकातल्या लेकीला उचलून घेत नाही. ते ऐकून मी यांच्या हातांकडे बघितलं होतं. यांचे कामाचे कपडे मी रॉकेलात भिजवून धुवायची, तरी वास जायचा नाही. मला वाटलं, या परक्या माणसाला माझ्या बादलीतलं पाणी कसं दिसलं?

पण भोंग्याच्या गाण्यावरून आपलं भांडण होतं. ते गाणं तुला आठवतच असेल. कारखान्याचा भोंगा वाजतो. तो विचारत नाही झोपलास का, ताप आहे का. माणूस उठतो, बुटाच्या नाड्या बांधतो आणि जातो. हे गाणं यांचं लाडकं. आणि हेच गाणं माझ्या घराला लागलं.

इथं बरं नसलं की डॉक्टर एमसी देतो. सुट्टीचा कागद. तो दाखवला की पगार कापत नाहीत, कुणी काही बोलत नाही. साधी गोष्ट. पण आपल्या माणसांना एमसी घ्यायची लाज वाटते. हे तापात फणफणले तरी नाड्या बांधायला बसायचे. मी म्हणायची, एमसी घ्या. तर हे तुझं गाणं म्हणून दाखवायचे, वर हसायचे. “बघ, तो थांबतो का?” मला सांग, नवऱ्याशी भांडता येतं, कॅसेटशी कसं भांडायचं? मी एवढंच करायची, ते गाणं लागलं की पोळी अर्धी टाकून पिठाच्या हातानं बटन बंद करायची. टेपरेकॉर्डरच्या बटनावर कायम पीठ. हे पुसायचे आणि परत लावायचे. मी परत बंद करायची. शेवटी हे कानाला लावून एकटेच ऐकायला लागले.

बावीस वर्षांत यांनी एक एमसी घेतली नाही. यार्डानं तसं लिहून, चौकट करून दिलं. ते आमच्या भिंतीवर होतं, देवाच्या फोटोशेजारी.

मग एका सकाळी यांचा डावा हात दुखायला लागला. म्हणाले, गॅस. मी ओवा दिला. हो, ओवा दिला मी, आणि जाऊ दिलं. यार्डात हत्यारांच्या पेटीवर बसले, रॉनीला म्हणाले, गॅस आहे, पाच मिनिटांत उठतो. उठले नाहीत.

यार्डाची माणसं फुलं घेऊन आली. त्यांचा साहेब म्हणाला, “व्हेरी हार्डवर्किंग मॅन. नेव्हर टेक एमसी.” आपली माणसं आली, ती म्हणाली, “भाग्यवान हो. काम करता करता गेले, कुणाची सेवा घेतली नाही.” मी सगळ्यांना चहा दिला. एक शब्द बोलले नाही. सेवा मला करायची होती. ते कुणाला सांगणार?

तो न बोललेला शब्द मी वीस-बावीस वर्षं पोटात ठेवला होता. तू गेलास आणि तो वर आला.

तू एकदा इथं आला होतास, ते तुझ्या लक्षात नसेल. प्रशांतनं पहिल्या पगारातून दोन तिकिटं काढली, एक त्याचं, एक माझं. “बाबांच्या जागी तू चल.” मी सुती साडी नेसून गेले. आजूबाजूला सगळी जीनवाली. तुझा घसा बसला होता. तू काहीतरी बोललास, प्रशांतनं सांगितलं, “तो म्हणतो, आवाज नाहीये, पण तुम्ही तिकिटं काढलीत, मी गाणार.” आणि तू गायलास, फाटक्या आवाजात, दोन तास. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. हात लाल होईपर्यंत. तेव्हा मला हे डोळ्यांसमोर दिसत होते. पण मी टाळ्या वाजवल्या, खाली बस म्हटलं नाही. म्हणून म्हणते, हा दोष त्या शिट्ट्या मारणाऱ्यांचाच नाही, माझ्या या हातांचाही आहे.

आता तू गेल्यानंतरच्या शनिवारचं सांगते. रॉनीनं सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, सगळ्यांना बोलावलं. दहा-पंधरा जणं जमली. जुने यार्डवाले, काही तरुण पोरं, आमचं घर. कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवली, रॉनीनं छोटा स्पीकर लावला. एकेकानं उठून तुझ्याबद्दल बोलायचं असं ठरलं. आणि काय बोलत होते, माहीत आहे? एक चिनी अंकल उठला, “हार्डवर्किंग मॅन. लाइक अस.” टाळ्या. दुसरा उठला, “नेव्हर कॅन्सल.” टाळ्या. तुझ्या गाण्यांवर कुणी बोलेना. तुझ्या गाण्यातली ती लेक, ती मोटार, सगळं राहिलं. तू किती राबलास, एवढंच. बैल मेल्यावर धन्यानं बोलावं तसं.

मग प्रशांत उठला. म्हणाला, “माझे बाबा आणि हा, दोघं सारखे. कधी थांबले नाहीत.” आणि हे बोलताना त्याचा हात परत खांद्यावर गेला.

टाळ्या सुरू झाल्या आणि मी उभी राहिले.

रॉनी खूश झाला. “आंटी टॉक! आंटी, टेल अबाउट युअर वेल्डर!”

मला इंग्लिश येत नाही. बाजारापुरतं येतं. तेवढ्यात बोलले. “नो गुड,” मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

“नो एमसी, नो गुड. ही सिक. यू ऑल क्लॅप. मी ऑल्सो क्लॅप. एनीबडी टेल हिम सिट डाऊन? एनीबडी?”

कुणी हसेना. रॉनी हळूच म्हणाला, “आंटी, ही इज आर्टिस्ट. शो कॅनॉट स्टॉप.”

“हू से?” मी विचारलं. “शो कॅनॉट स्टॉप, हू से? माय हसबंड स्टॉप. शिप स्टॉप? शिप गो!”

स्मिता माझा पदर ओढत होती, “आई, बसा.” म्हटलं, आज नाही बसणार. मी प्रशांतकडे वळले आणि मराठीत विचारलं, सगळ्यांसमोर, “खांदा का चोळतोस रे?”

“आई, इथं काय हे? घरी बोलू.”

“इथंच सांग. काय आहे ते?”

तो चिडला. “गॅस आहे! किती वेळा सांगू, गॅस!”

मराठी रॉनीला काय कळणार. पण तो एक शब्द कळला. त्याच्या हातातला कोपीचा कप तसाच राहिला. “व्हॉट ही से? गॅस?” तो माझ्याकडे बघत होता, प्रशांतकडे नाही. मग उठला, प्रशांतच्या दंडाला धरलं. “युअर पापा ऑल्सो से गॅस. ऑन द टूलबॉक्स. टू मी ही से. आय से ओके, आय गो टेक माय टूल्स. आय से ओके!” म्हातारा रडत होता. “टुडे आय डोन्ट से ओके.” त्यानं गाडीची किल्ली काढली.

प्रशांत म्हणाला, “अंकल, सोमवारी जहाज...”

“शिप, शिप! वॉक!”

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि विचारलं, हा माणूस इथं पायांनी चालत आला? हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या. त्याच संध्याकाळी आत नेलं. स्मिता बाकावर माझा हात धरून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “आई, तुम्हाला कधीपासून कळलं होतं?” मी म्हटलं, “बावीस वर्षांपासून.”

आत्ता हे लिहिताना ती थांबली आहे. लिही गं. आता रडायचं काय कारण? तुझा नवरा आत झोपलाय.

प्रशांत वाचला. चार आठवड्यांची एमसी मिळाली. हल्ली ती फोनवर येते. मी ईशाला सांगून कागदावर काढून घेतली. भिंतीवरची यांची चौकट उतरवली, मागचा पुठ्ठा काढला, यांचा कागद कपाटात ठेवला आणि त्या चौकटीत एमसी घातली. प्रशांत म्हणतो, “आई, कुणी बघितलं तर हसतील.” म्हटलं, हसू देत. या घरातली पहिली एमसी आहे ती.

आता स्मिताची आई फोनवर म्हणाली, “बघा ना, त्या गायकाच्या जाण्यानं आपला प्रशांत वाचला. देवाची योजना.” मी फटकन म्हटलं, असली योजना मला नको. एकानं मरायचं तेव्हा दुसऱ्यानं बसायचं, हा कुठला हिशेब? तुझ्या घरीही कुणी पोहे घेऊन वाट बघत असेल. तुझ्यावर मी असा उपकार लादणार नाही, आणि तुझ्याकडून तसा घेणारही नाही.

इथंच संपवणार होते. पण काल दुपारी एक झालं, त्यानं माझा राग उतरायच्या ऐवजी दुप्पट झाला.

प्रशांत सोफ्यावर पडून कंटाळला होता. त्यानं तुझी गाणी लावली. मी कणीक मळत होते. भोंग्याचं गाणं लागलं. सवयीनं माझा हात पुढं झाला, पीठ लागलेलाच.

ईशा म्हणाली, “आजी, वेट ला. शेवटचा पार्ट बेस्ट आहे.”

“कसला शेवटचा पार्ट? नाड्या बांधतो आणि जातो. झालं.”

“नो आजी, मग त्याची वाइफ येते ना.”

मी तशीच उभी राहिले. तू गात होतास आणि पोरगी तिच्या मोडक्या मराठीत सांगत होती. भोंगा वाजतो, पण आता तो माणूस नाही. बायको त्याचे बूट हातात घेऊन कारखान्याच्या दारात जाते. सगळे टोप्या काढतात, म्हणतात, फार कष्टाळू होता हो. आणि ती विचारते, तुमच्यातल्या कुणी त्याला खाली बस म्हटलं?

माझ्या हाताचं पीठ वाळलं तरी मी तिथंच उभी होते.

चाळीस वर्षं मी तुझ्याशी भांडले, आणि तू माझ्याच बाजूनं बोलत होतास. मला ते कळलं नाही, कारण मीच बटन बंद करत होते. ठीक आहे, मी अडाणी. माझी चूक मी पदरात घेते. पण आमचे हे? यांना इंग्लिश येत होतं. कानाला लावून कितीदा ऐकलं हे कडवं, आणि मला जेवताना मराठीत सांगायचं तेवढं टाळलं. का? सांगितलं असतं तर बसावं लागलं असतं ना!

आणि तू? तू तर स्वतः लिहिलंस. गावोगाव फिरून तिचे शब्द लोकांना ऐकवलेस. लोक रडले, टाळ्या वाजवल्या, आणि तू काठी धरून पुढचं गाणं सुरू केलंस. तुला माहीत होतं. सगळं माहीत होतं! मग त्या बाईचं तू तरी का ऐकलं नाहीस?

गाणं संपलं. प्रशांत सोफ्यावरून म्हणाला, “आई, परत लावू?”

“नको,” मी म्हटलं. “दमलाय तो.”

आणि पिठाच्या हातानं बटन बंद केलं.